वस्तीतल्या मुलींना पार्लरचं काम शिकवायचंय, पण माझ्याकडे त्याची पात्रता आहे का?

पत्राचा सारांश: उत्तर नागपुरातल्या एक ताई अकरा वर्षांपासून घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर चालवतात. शिक्षण बारावी आणि एका खासगी क्लासचा सहा महिन्यांचा डिप्लोमा. जवळच्या वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेने त्यांना विचारलंय की, शाळा सुटलेल्या १६ ते २० वयाच्या वीस मुलींना तीन महिने पार्लरचं काम शिकवाल का? त्यातल्या चार मुली बालगृहातल्या आहेत. दोन मुलांनीही नाव दिलंय. ताईंची मनापासून तयारी आहे. पण ओळखीची एक ब्युटिशियन म्हणते, सिडेस्को हा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा नसेल तर शिकवण्याच्या भानगडीत पडू नको. आयटीआयमध्ये विचारलं तर सीआयटीएस हे शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण लागतं म्हणाले. आणि एक क्लासवाले पंधरा दिवसांत 'शासनमान्य टीचर्स डिप्लोमा' द्यायला तयार आहेत, फी ३५ हजार. ताई विचारतात: नेमकी कोणती पात्रता लागते? हे ३५ हजार भरू का? आणि या मुलींचं शिक्षण कमी आहे, तेव्हा थिअरी गाळून नुसतं हाताचं काम शिकवलं तर चालेल ना? सराव माझ्याच पार्लरमध्ये करून घेईन.

ताई,

एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारलात आणि तीन उत्तरं आली, त्यामुळे गोंधळ होणारच. आपल्याकडे डॉक्टरला, नर्सला कौन्सिलची नोंदणी लागते, तशी ब्युटिशियनला लागत नाही. पार्लर चालवायलाही नाही आणि खासगीत शिकवायलाही नाही. म्हणून 'शिकवायला काय लागतं' याचं सगळीकडे लागू पडेल असं उत्तर कुणाकडेच नाही. तुम्ही आधी संस्थेला विचारा: तीन महिन्यांनी मुलींच्या हातात कोणतं प्रमाणपत्र पडणार आणि त्यावर शिक्का कुणाचा असणार? ते कळलं की तुम्हाला काय लागेल तेही कळेल.

संस्था स्वतःच्याच नावाने प्रमाणपत्र देणार असेल, तर तुमचा अकरा वर्षांचा अनुभव पुरे आहे. देणगीदाराने वेगळी अट घातली असेल तर तेवढी विचारून घ्या. अशा प्रमाणपत्राला कमी लेखू नका, पण त्याचा उपयोग कुठवर आहे ते मुलींना पहिल्याच दिवशी सांगा. धरमपेठ किंवा सदरच्या सलूनमध्ये मुलगी काम मागायला गेली की कागदाआधी तिचा हात बघतात. तिथे या प्रमाणपत्रावाचून फारसं अडत नाही. पुढचा मान्यताप्राप्त कोर्स करायचा असेल, मोठ्या साखळी सलूनमध्ये अर्ज करायचा असेल किंवा स्वतः शिकवायचं असेल, तिथे मात्र ते चालत नाही.

सरकारी कौशल्य योजनेतून वर्ग होणार असेल, म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना किंवा तशी दुसरी एखादी, तर प्रमाणपत्र राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातलं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या कौशल्याच्या पातळ्यांतलं असतं. या क्षेत्राचं काम ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल बघते. तिथे असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, ब्युटी थेरपिस्ट, हेअर स्टायलिस्ट अशा कामाच्या भूमिका ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीचा अभ्यासक्रम लिहिलेला आहे. त्या अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रशिक्षकासाठी किती शिक्षण आणि किती वर्षांचा अनुभव हवा ते दिलेलं असतं. ते पान मागून घ्या आणि स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका. त्याशिवाय प्रशिक्षकाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक त्या कामाची, दुसरी शिकवण्याच्या पद्धतीची. दोन्हींत किमान ८० टक्के गुण लागतात. या प्रमाणपत्राला मुदत असते, तेव्हा तारीख बघत जा.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. तुम्ही प्रशिक्षक म्हणून पात्र ठरलात, पण संस्थेच्या केंद्राला त्या कोर्सची मान्यता नसेल, तर मुलींचं मूल्यांकनच होत नाही. तीन महिने वर्ग झाला आणि शेवटी कळलं की बॅच पोर्टलवर चढलेलीच नव्हती, असं झालं तर मुलींचा विश्वास उडतो, आणि त्या पुन्हा कुठल्या वर्गाला येत नाहीत. केंद्राची नोंद स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर आहे का, बॅच कोणत्या तारखेला चढली आणि मूल्यांकन कोण करणार, हे वर्ग सुरू होण्याआधी लेखी घ्या.

तिसरा मार्ग आयटीआयचा. तिथला कॉस्मेटॉलॉजी ट्रेड एक वर्षाचा. तो शिकवणाऱ्या निदेशकाला त्याच ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचा अनुभव, किंवा त्या विषयातली पदविका-पदवी आणि अनुभव लागतो. वर सीआयटीएस, म्हणजे निदेशक होण्याचं एक वर्षाचं प्रशिक्षण. आयटीआयमध्ये तुम्हाला जे सांगितलं ते बरोबरच आहे, पण ते आयटीआयच्या नोकरीपुरतं. वस्तीतल्या तीन महिन्यांच्या वर्गासाठी वर्षभर पार्लर बंद ठेवून सीआयटीएस करायची गरज नाही.

सिडेस्को ही १९४६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना आहे, मुख्यालय झुरिकला. तिचा डिप्लोमा मानाचा आहे. परदेशात, मोठ्या स्पामध्ये किंवा जहाजावर काम करायचं असेल तर तो कामाला येतो. वर सांगितलेल्या तिन्ही मार्गांपैकी एकातही तो सक्तीचा नाही. तुमच्या मैत्रिणीने काळजीपोटी सांगितलं असेल, पण तिचं ऐकून मागे फिरू नका.

आता ते ३५ हजार. भरू नका, निदान या चार गोष्टी तपासल्याशिवाय तरी नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था कोणती, क्लास नव्हे, प्रमाणपत्र देणारी? तिला राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीव्हीईटीची मान्यता आहे का, की ती महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ आहे? कागदावर पात्रतेचा कोड आणि लेव्हल छापलेली आहे का? आणि पोर्टलवर नंबर टाकून किंवा क्यूआर कोड स्कॅन करून ते प्रमाणपत्र दिसतं का? 'आयएसओ प्रमाणित' म्हणजे अभ्यासक्रमाला मान्यता नव्हे. 'उद्यम नोंदणीकृत' म्हणजे फक्त एक धंदा नोंदलेला आहे. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक म्हणजे ट्रस्ट आहे, एवढंच. हे तिन्ही शिक्के एका कागदावर मारून खाली 'शासनमान्य' लिहिलेले डिप्लोमे बाजारात पुष्कळ फिरतात आणि ते घेणाऱ्या बहुतेक बायका तुमच्यासारख्याच प्रामाणिक असतात. तुमचा जुना सहा महिन्यांचा डिप्लोमाही याच नजरेने काढून बघा. तो राज्य मंडळाचा निघाला तर तो तुमच्या कामाचा आहे.

तुमच्यासाठी सरळ आणि स्वस्त वाट अशी. आधी आरपीएल, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय. त्यात पुन्हा सगळा कोर्स करावा लागत नाही. थोडी उजळणी, मग प्रात्यक्षिक, तोंडी आणि लेखी. ब्युटी थेरपिस्टची भूमिका निवडा. ते हातात आलं की सेक्टर स्किल कौन्सिलच्या प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाला अर्ज करा. पुढची बॅच कधी आणि फी किती, हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावरही बघा. आरपीएलच्या प्रात्यक्षिकात अनुभवी बायका कुठे अडकतात? हात चुकतो म्हणून क्वचितच. ग्राहकाला आधी प्रश्न न विचारणं, हात न धुता सुरुवात करणं, एकच स्पॅच्युला पुन्हा वॅक्सच्या डब्यात बुडवणं, यावर गुण जातात. रोजची सवय असते ना.

आणि इथूनच तुमच्या त्या थिअरी गाळायच्या विचाराकडे येते. ताई, तो विचार सोडून द्या. एक तर मान्यताप्राप्त मूल्यांकनात थिअरीचा पेपर असतो, तो बुडाला की मुलगी नापास. पण खरं कारण त्याहून मोठं आहे. पार्लरमधली थिअरी म्हणजे जवळजवळ सगळी सुरक्षाच. ज्या मुलीला इंग्रजी वाचता येत नाही, तिलाच केसांच्या रंगात मिसळायच्या डेव्हलपरच्या बाटलीवरच्या आकड्याचा अर्थ जास्त नीट माहीत असायला हवा. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. बाटल्या दिसायला सारख्या असतात. हे पाठ होत नसेल तर प्रत्येक बाटलीला रंगीत चिकटपट्टी लावा. ४० व्हॉल्यूमची बाटली या वर्गात आणूच नका, शिकाऊ हाताला तिचं काही काम नाही.

ब्लीच घ्या. ब्लीच धातूच्या वाटीत कालवायचं नाही, हे सगळ्याच शिकवतात. का नाही, ते सांगत नाहीत. धातूला लागलं की पेरॉक्साइड झपाट्याने फुटतं, मिश्रण तापतं आणि चेहऱ्यावर लावेपर्यंत त्याचा भरवसा राहत नाही. कालवलेलं उरलं तर झाकण लावून ठेवायचं नाही, कारण आत वायू साठतो आणि डबी फुगते. वॅक्स केलेल्या जागेवर त्याच दिवशी ब्लीच नाही, कारण वरचा थर आधीच निघालेला असतो. डबीवर दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवायचं नाही. कारण समजलं की मुली ते विसरत नाहीत. नुसतं 'असं करायचं नाही' म्हटलं तर पहिल्या गर्दीच्या दिवशी विसरतात.

केसांच्या रंगाला ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत चाचणी, दर वेळी, जुन्या ग्राहकालाही. रंगातल्या पीपीडी या द्रव्याची ॲलर्जी दहा वेळा रंग लावल्यावर अकराव्या वेळीही उठते. तीच गोष्ट लग्नाच्या दिवसांत हातावर काढल्या जाणाऱ्या झटपट काळ्या मेंदीची. अठराखालच्या मुलींना एकमेकींवर रंगाचा सराव करायला देऊ नका. त्यासाठी डमीचे केस वापरा. केराटिन, स्मूदनिंग हे केस सरळ-मऊ करण्याचे विषय तर या वर्गात घ्यायचेच नाहीत. गरम इस्त्री फिरली की काही उत्पादनांतून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते आणि वस्तीतल्या लहान खोलीत ती बाहेर जायला वाट नसते.

'फॉर्म्युला क्रीम'बद्दल मला कळकळीने सांगायचंय. गोरं करतो म्हणून विकल्या जाणाऱ्या, पार्लरमधून डबीत भरून दिल्या जाणाऱ्या या क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, काहींत पाराही सापडतो. स्टेरॉइडने पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, बारीक लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की सगळं उसळून वर येतं. शिवाय गजकर्णावर हे क्रीम लावलं तर ते पसरतं आणि औषधालाही दाद देईनासं होतं. वर्गातल्या निम्म्या मुली स्वतः असलं काही वापरत असतील, डब्या आणायला सांगून एकदा वाचून बघा. चेहऱ्यावर त्रास दिसला तर नागपुरातल्या 'मेडिकल' किंवा 'मेयो' या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीला पाठवा. आणि वर्गात तुमच्या तोंडून 'सावळी आहे म्हणून' हे शब्द कधीच येऊ देऊ नका. त्या मुलींनी ते घरी, शाळेत, बसमध्ये पुरेसं ऐकलेलं असतं, आणि उद्या त्या तेच ग्राहकाला सुनावतील.

स्वच्छतेत सगळ्यात जास्त घोळ यूव्हीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या डब्याचा. त्यात ठेवलं म्हणजे निर्जंतुक झालं, असा समज आहे. तो डबा फार तर स्वच्छ केलेली अवजारं स्वच्छ ठेवण्यापुरता. आधी साबण-पाण्याने ब्रशने घासायचं, कारण मळ राहिला तर पुढचं काहीच लागू पडत नाही. मग प्लकर, कात्री, ब्लॅकहेड रिमूव्हर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. वाट्या, टब, फरशी यांना सोडियम हायपोक्लोराइट. ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावण आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, रोज ताजं. त्यात धातू बुडवला तर गंजतो. आणि ते टॉयलेट क्लीनरमध्ये कधी मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. रक्त निघालेलं अवजार मात्र नुसतं अल्कोहोलमध्ये बुडवून भागत नाही. ते घासून वीस मिनिटं उकळा. ब्लॅकहेड काढताना, थ्रेडिंगमध्ये रक्ताशी संबंध येतोच, म्हणून वर्ग सुरू होताना हिपॅटायटिस बीच्या लशीची चौकशी करा. तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. या वयाच्या बऱ्याच मुलींना लहानपणी ती मिळालेली नसू शकते. तुम्ही स्वतः घेतली आहे का?

शिकवणं हे करण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे, आणि मला वाटतं तुम्हाला खरी तयारी इथेच करावी लागेल. थ्रेडिंगचंच बघा. तुमचा हात आता विचार न करता चालतो, म्हणून 'असं धर, असं ओढ' यापलीकडे शब्द सुचत नाहीत आणि समोरची मुलगी म्हणते, 'मॅडम, मले नाही जमत.' त्याचे तुकडे पाडा. दोन-अडीच फूट दोरा, टोकं बांधून गोल. मध्ये सहा-सात पीळ. पहिले दोन दिवस दोरा त्वचेला लावायचाच नाही, फक्त पीळ एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे पळवायचा. जिचा पीळ अडकतो तिने दोरा फार ताणलेला असतो किंवा पीळ जास्त दिलेले असतात. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पोटरीवर. तिथे जमलं की मैत्रिणीच्या हातावर, आणि भुवई दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस. कापलं जातं ते दोऱ्यामुळे कमी, त्वचा सैल राहिल्यामुळे जास्त. ग्राहकाचा एक हात भुवईच्या वर आणि एक पापणीवर, दोन्हीकडून ताण हवा, आणि तो सुटला की थांबायचं. दातात दोरा धरायची पद्धत शिकवू नका. थुंकी लागलेला दोरा ग्राहकाच्या डोळ्याजवळ जातो. प्रत्येक ग्राहकाला नवा दोरा. वर्गात डावखुरी मुलगी असेल तर तिला तुमच्या शेजारी बसवू नका, समोर बसवा. आरशात बघावं तसं तिला तुमचं बघून करता येतं.

वॅक्सचंही तसंच. थर पातळ, केसांच्या दिशेने. पट्टी उलट दिशेने आणि त्वचेला समांतर ओढायची, वर उचलायची नाही. वर उचलली की केस मधून तुटतात आणि काळंनिळं पडतं. आधी मनगटाच्या आत तापमान बघायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की, वॅक्स त्वचेवर घट्ट होतच नाही, चिकट राहतं आणि मुलींना वाटतं आपला हातच वाईट आहे. त्या दिवसांत वर्ग सकाळी सात ते दहा घ्या, त्वचा पुसून कोरडी करून पावडर लावा, आणि कूलरची हवा थेट हीटरवर येऊ देऊ नका.

वीस मुली आणि दोन मुलं ही एका शिक्षिकेसाठी मोठी बॅच आहे. थिअरी एकत्र घ्या, हाताचं काम अकरा-अकराच्या दोन गटांत. एकाच वेळी बावीस जणांच्या हातात गरम वॅक्स असेल तर तुम्हाला काही दिसणार नाही. अकराच्या गटाला चार खुर्च्या, दोन वॅक्स हीटर, चांगला पांढरा प्रकाश, तीस छोटे टॉवेल आणि वाहतं पाणी एवढं तरी हवं. पाण्याची सोय नसेल तर जागा बदला. मुलगे हवेतच. केस कापणं, दाढी, पेडिक्युअर, मेकअप या कामात मुलांना मागणी आहे. सरावाच्या जोड्या मात्र मुलींनी मुलींशी, मुलांनी मुलांशी, आणि कुणालाही अंगाला हात लावण्याआधी विचारायची सवय पहिल्या तासापासून. एखादी मुलगी फेशियलला आडवं व्हायला तयार नसेल तर जबरदस्ती नाही, कारणही विचारायचं नाही. दार उघडं, आणि संस्थेची एक बाई सतत हजर.

तीन महिन्यांत सगळं येत नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंग, मॅनिक्युअर-पेडिक्युअर, साधं क्लीनअप, डोक्याचं तेल-मालिश, ग्राहकाशी बोलणं आणि हिशेब, एवढं पक्कं करा. फेशियलचे प्रकार आणि ब्रायडल मेकअप नंतर. मुलींना ब्रायडलच हवा असणार, कारण मोबाइलवर तोच दिसतो. पण पहिला पगार थ्रेडिंगवरच मिळतो.

अठराखालच्या मुलींबाबत कायदा काय सांगतो ते संस्थेला माहीत असेलच असं धरून चालू नका. मुलीवर लैंगिक अत्याचार होतोय असं तुमच्या कानावर आलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. 'घरातली गोष्ट आहे' म्हणून गप्प राहणं हाच गुन्हा ठरतो. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन भिंतीवर लिहून ठेवा. बालगृहातल्या चार मुलींसाठी अधीक्षकांची लेखी परवानगी आणि ने-आण कोण करणार हे ठरवून घ्या. त्यांचा फोटो, नाव किंवा बालगृहाचं नाव कुठेही टाकायचं नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. पार्लरच्या पेजवर 'आमची बॅच' म्हणून टाकलेला एक फोटोही यात येतो. तुमच्या स्वतःच्या चारित्र्य पडताळणीचा पोलीस दाखला काढून संस्थेला न मागता द्या. पुढच्या शिक्षिकांकडून तो मागणं मग संस्थेला सोपं जाईल.

पार्लरमध्ये सराव करून घेण्याबद्दल. तुमचा हेतू चांगला आहे, पण पैसे देणारं ग्राहक आणि फुकट काम करणारी शिकाऊ मुलगी ही जोडी लवकर शोषणात बदलते, मालकिणीच्या लक्षातही येत नाही. सरावाचे दिवस वेगळे ठेवा, ग्राहकाला 'शिकाऊ हात आहे' हे सांगा, आणि फक्त सामानाचा खर्च घ्या. कमाईच्या कामात मुलीला बसवलं तर तिला पैसे द्या. १४ ते १८ वयाच्यांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामाला लावता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे लग्नसराईत पहाटे पाच वाजता नवरीच्या मेकअपला मदतनीस म्हणून त्यांना न्यायचं नाही. अठरा पूर्ण झालेल्यांना न्या, आणि रात्री घरी कोण सोडणार हे आधी ठरवा.

संस्थेशी बोलताना हे सगळं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या: प्रमाणपत्र कुणाचं, बॅच किती, सामानाचा खर्च कुणाचा, मूल्यांकनाची फी कोण भरणार, मुलींचा बसचा खर्च कुणाकडे, आणि तुमचं मानधन. शेवटचा मुद्दा संकोचाने गाळू नका. फुकट शिकवणारी शिक्षिका पहिल्या लग्नसराईत वर्ग बुडवते, कारण तिलाही घर चालवायचं असतं. म्हणून सुरुवातही जुलैत करा. तुळशीच्या लग्नानंतर तुमच्या पार्लरची गर्दी सुरू होईल, त्याआधी तीन महिने पूर्ण होतात आणि आरपीएलचा अर्ज करायला जुलैपर्यंत वेळही मिळतो.